वरची आणि तिची एकटी फाइल

वरचीने कुठलीही वस्तू हातात घेतली की पहिला प्रश्न एकच असायचा, "याच्या जोडीला काय काय लागतं?" किंमत नंतर. रंग तर कधीच नाही. लखनौच्या तेलीबाग बाजारात आम्ही एकदा मिक्सर घ्यायला गेलो. मिक्सर माझा, स्वयंपाकघर माझं, पण चौकशी तिची.

"भैया, इसके साथ क्या-क्या चाहिए?"

"कुछ नहीं मैडम, बस प्लग लगाइए।"

"मोटा वाला प्लग कि पतला वाला?"

"मोटा वाला।"

"आंटी के किचन में मोटा वाला नहीं लगता। तो नया बोर्ड चाहिए। बोर्ड के लिए मिस्त्री चाहिए। मिस्त्री इतवार को नहीं आता। और आप कहते हैं, कुछ नहीं चाहिए।"

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. "माताजी, बहू है?"

"किराएदार है," मी म्हटलं.

"अच्छा," तो म्हणाला, आणि माझ्यासाठी खुर्ची पुढे सरकवली.

तिचं नाव मृणाल. पण आमच्या घरात जिन्यातून हाक मारायची पद्धत, आणि ती वरच्या खोलीत राहायची म्हणून शेजारणींशी बोलताना मी 'आमची वरची' म्हणायची. तिला ते माहीत होतं. फोनवर स्वतःच सांगायची, "काकू, वरची बोलून राहिली, दूध घेऊन ठेवा." ती अमरावतीची. आठ वर्षं लखनौत काढलेली, त्यामुळे तिची मराठी निम्मी हिंदीत भिजलेली. आमच्याकडे सगळ्यांचीच तशी होते. माझीही झाली आहे.

माझे यजमान मानक नगरला रेल्वेत फिटर होते. निवृत्त झाल्यावर वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत आम्ही हे घर घेतलं, आणि चार वर्षांनी ते गेले. मुलगा बंगलोरला. वरची खोली बंद ठेवून तिची पूजा करायची मला हौस नव्हती, म्हणून भाड्याने दिली. मृणाल खोली बघायला आली तेव्हा तिने खिडकी बघितली नाही, हवा बघितली नाही. टाकीत पाणी चढवायला मोटार कोण लावतं, मोटारीचं बटण कुठे आहे आणि वीज गेली तर काय, हे विचारलं. मला वाटलं, चला, पोरगी जबाबदार आहे. पुढच्या आठवड्यात तिनेच मोटार लावली आणि विसरली. टाकी दीड तास वाहिली, माझ्या भिंतीला ओल आली. ती ओल अजून आहे. तेव्हा ती सर्वगुणसंपन्न होती असं मी इथे लिहिणार नाही.

गोमती नगरला एका कंपनीत ती प्रोग्राम लिहायची. स्कूटीवरून जायची, अंधार पडायच्या आत परत यायची. रविवारी अंध मुलींच्या एका शाळेत कंप्युटर शिकवायला जायची. माझ्याकडे राहायला आल्यावर सहा महिन्यांत तिने नोकरी सोडली. मी तोंडावर विचारलं, "अक्कल गहाण ठेवलीस का?"

"काकू, भाडं वेळेवर देईन."

"भाड्याचं विचारलं नाही. अकलेचं विचारलं."

ती हसली. मग जिन्यातच बसून तिने मला सगळं सांगितलं. ते मी माझ्या शब्दांत लिहिते.

आंधळ्या माणसांना कंप्युटर वाचून दाखवणारे प्रोग्राम असतात. चांगले असतात, फुकटही मिळतात. पण इकडच्या कचेऱ्यांतली निम्मी हिंदी जुन्या टायपातली. डोळ्यांनी बघितलं तर पडद्यावर 'प्रार्थना पत्र' दिसतं, पण कंप्युटरच्या पोटात ती हिंदी नसतेच, इंग्रजी अक्षरांचा भुगा असतो. मग वाचणारा प्रोग्राम तो भुगाच वाचतो. शाळेतली रुखसार त्याची नक्कल करून दाखवायची. नाकातून "आय-झेड-के-एफ-के-झेड" असं म्हणून ती म्हणायची, "सुनिए, वकील साहब का नोटिस छींक रहा है।"

वरचीने त्या शिंकांची परत हिंदी करून ती मोठ्याने वाचणारा प्रोग्राम लिहिला होता. तो तिच्या लॅपटॉपवर चालायचाही. मी ऐकला आहे. तहसीलदाराचं एक पत्र त्याने धडाधड वाचलं. मग अडलं कुठे, तर रुखसारच्या नोकरीत.

रुखसार तेव्हा वीस वर्षांची. सीतापूरच्या पुढे कुठल्याशा गावची. बारावी झालेली, आणि मार्च संपला की वसतिगृह सोडायचं. घरी भाऊ-भावजय. "वहाँ खाट है, खाना है, और कुछ नहीं है," एवढंच ती घराबद्दल सांगायची. शाळेच्या प्रिन्सिपल बाईंच्या ओळखीचे एक म्हातारे वकील होते. त्यांना फोन घ्यायला आणि जुन्या फायलींतले कागद शोधून सांगायला माणूस हवं होतं. ते म्हणाले, लड़की को एक दिन भेजिए. दहा कागद उघडून कशात काय आहे ते सांगितलं, तर ठेवीन. पण अट अशी, की माझ्या कंप्युटरात काही घालायचं नाही. मागे कोणीतरी काही घातलं होतं, तीन दिवस काम बंद पडलं होतं. इंटरनेट त्या कंप्युटरला नाही. पेनड्राइव्ह लावा, कागद वाचा, पेनड्राइव्ह काढा.

आणि वरचीचा प्रोग्राम एकटा चालणारा नव्हता. तो दुसऱ्या दहा-बारा प्रोग्रामांवर टेकून उभा होता. आवाज काढणारा एक, अक्षरं ओळखणारा एक, फाइल उघडणारा एक, आणि त्या प्रत्येकाला आणखी कोणीतरी हवं. हे सगळे तिच्या लॅपटॉपवर आधीपासून नांदत होते. वकिलांच्या कंप्युटरवर त्यातलं एकही नव्हतं. हा सगळा गोतावळा एकाच फाइलमध्ये असा बांधायचा, की पेनड्राइव्ह लावला, ती एक फाइल उघडली आणि काम सुरू. जोडीला काही लागायला नको. एवढंच तिचं म्हणणं. त्यासाठी तिने नोकरी सोडली होती.

तिच्या कंपनीतला एक मित्र फोनवर समजावत होता, मी ऐकलं. "यार, इंटरनेट पे डाल दे ना, इतना झंझट क्यों?"

"इंटरनेट भी तो जोड़ी में ही चाहिए ना," ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला. माणसांशी तिचं बोलणं असं तोडून टाकणारं होतं. तिचे मित्र कमी होते, यात मला नवल वाटलं नाही.

फेब्रुवारीत एका शनिवारी ती बांधलेली फाइल घेऊन शाळेत निघाली. मला काम नव्हतं, मी स्कूटीवर मागे बसून गेले. शाळेच्या कंप्युटरच्या खोलीत अकरा मुली ओळीने बसलेल्या, रुखसार मधल्या कंप्युटरवर. प्रिन्सिपल बाई दाराशी उभ्या. त्यांनाही दिसत नाही, पण खोलीत कोण हललं हे त्यांना माझ्याआधी कळतं. रुखसारने पेनड्राइव्ह चाचपून लावला. तिला एक बटण सापडायला वेळ लागला, तेवढ्यात वरचीने तिच्या हातातून कीबोर्ड ओढून घेतला आणि स्वतः दाबलं. पडद्यावर निळी चौकट उघडली.

"देखिए! खुल गया!" वरची टाळी वाजवून ओरडली.

अकराच्या अकरा मुली गप्प. त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. चौकट उघडली होती, पण आवाज नव्हता.

रुखसारने हळूच विचारलं, "मैम, क्या खुल गया?"

प्रिन्सिपल बाई दारातून म्हणाल्या, "बेटा, ये 'देखिए' आप किससे कह रही हैं?"

मुली फिसकन हसल्या. वरचीचं तोंड मी बघितलं आहे. प्रिन्सिपल बाई चिडल्या नव्हत्या, चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "हर साल कोई न कोई आता है। उसके अपने लैपटॉप पर सब बोलता है।" आणि मुलींना जेवायला जायला सांगितलं.

 घरी आल्यावर वरची जिना चढली, आणि दहाव्या मिनिटाला खाली आली. "आवाज घरीच राहिला काकू. मी प्रोग्रामला माझ्या लॅपटॉपवरचा आवाजाचा पत्ता सांगितला होता. माझ्या इथे तो त्या पत्त्यावर जातो, त्याला आवाज सापडतो. शाळेत तो पत्ताच नाही. आणि मी रोज माझ्या लॅपटॉपवरच तपासून राहिली."

मी भाजी निवडत होते. मी तिला पेटीची गोष्ट सांगितली. यजमान लाइनवर जायचे तेव्हा त्यांची गाडी कुठल्या तरी सायडिंगला, आडबाजूच्या रुळावर, पंधरा-पंधरा दिवस उभी असायची. आजूबाजूला दुकान नाही, गाव नाही. पेटी मी भरायची. स्टोव्ह, रॉकेल, काडेपेटी, मीठ, सगळं. पहिल्या वर्षी मी सगळं दिलं आणि स्टोव्हची पिन विसरले. घरी पिन फळीवर असायची, हात आपोआप तिकडे जायचा, त्यामुळे पिन ही वेगळी वस्तू आहे हेच कधी डोक्यात आलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी बर्नर तुंबला. यजमान आणि त्यांचे दोन जोडीदार चार दिवस भिजवलेले चणे खाऊन राहिले. परत आल्यावर ते बोलले काही नाहीत. पण पुढच्या वेळी मी पेटी भरली, बंद केली, अंगणात नेली आणि घरात पाऊल न टाकता अंगणातच स्वयंपाक करून बघितला. जे जे आणायला घरात जावंसं वाटलं ते ते पेटीत टाकलं.

"तुझ्या घरात सगळं आहे," मी तिला म्हटलं. "तिथे पेटी उघडून काय कळणार?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काकू, काकांचा कंप्युटर अजून चालतो का?"

यजमानांचा जुना कंप्युटर कपाटाशेजारी चादरीखाली होता. इंटरनेट त्याने कधी बघितलं नव्हतं. चालत होता. ती अवघडून म्हणाली, "हा पूर्ण पुसावा लागेल. कोरा करावा लागेल. यात काकांचं काही…"

"पत्ते आहेत," मी म्हटलं. "दुपारभर पत्ते खेळायचे. पूस."

तेव्हापासून माझी पुढची खोली म्हणजे तिचं अंगण झालं. रोज सकाळी ती वर फाइल बांधायची, अकरा वाजता पेनड्राइव्ह घेऊन खाली यायची, यजमानांचा कंप्युटर पुसून कोरा करायची आणि मग फाइल उघडून बघायची. दर वेळी पुसायची. काल जे चुकून आत राहिलं ते आज मदत करेल आणि आपल्याला कळणारही नाही, असं तिचं म्हणणं. रोज काहीतरी अडायचं. "हे नाही सापडलं, ते नाही सापडलं." जे अडलं ते ती एका कागदावर लिहायची आणि कागद जिन्याच्या भिंतीला चिकटवायची. तिने भिंतीच्या रंगाचा विचार केला नाही. मी दोनदा बोलले, मग सोडून दिलं. महिनाभरात जिना खालपासून वरपर्यंत कागदांनी भरला.

काही दिवसांनी ती म्हणाली, "काकू, मी तपासून उपयोग नाही. मला सवय आहे. तुम्ही बसा." मी म्हटलं, मला यातलं काही येत नाही. म्हणाली, म्हणूनच. मी डोळे ओढणीने बांधून घ्यायचे, पेनड्राइव्ह चाचपून लावायचा, तिने शिकवलेली चार बटणं दाबायची. तिने पाठीमागे जिन्यात बसायचं आणि तोंड बंद ठेवायचं. हा नियम मीच घातला. तिला तोंड बंद ठेवणं जड जायचं. मी चुकीच्या बटणाकडे हात नेला की मागून "अं, अं" असा आवाज यायचा.

"वकिलाकडे तू अं-अं करायला जाणार आहेस का?" मी डोळे बांधलेल्या अवस्थेतच विचारायची.

"नाही काकू."

"मग बस."

एकदा मी बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. वाट बघितली. काही नाही. परत दाबलं. आणखी एकदा दाबलं, जोरात. अर्धं मिनिट गेलं आणि मग एकदम तीन आवाज बोलायला लागले, एकावर एक, जशा तीन नणंदा एकदम बोलाव्यात. मी ओढणी काढून फेकली. वरची कपाळाला हात लावून बसली होती. ती फाइल उघडली की आधी आतलं सगळं सामान काढून मांडते, मग बोलते. त्याला जुन्या कंप्युटरवर वेळ लागतो. डोळस माणसाला पडद्यावर काहीतरी फिरताना दिसतं, तो थांबतो. आंधळ्याला नुसती शांतता. तो परत दाबणारच.

म्हणून उघडता क्षणी बोलणारं एक वाक्य तिने फाइलच्या तोंडाशीच बसवलं. आवाज कोणाचा घ्यायचा, तर माझा. मी म्हटलं, माझा आवाज कशाला, तो काही गोड नाही. म्हणाली, "म्हणूनच. गोड आवाजाचं कोणी ऐकत नाही." माझ्याकडून तिने पाच वेळा म्हणवून घेतलं, आणि पाचव्या वेळी मी वैतागलेली होते, तेच ठेवलं. "ठहरो, खुल रहा है। दुबारा मत दबाओ!" शाळेतल्या मुली पुढे दरवाजा ढकलतानाही एकमेकींना तसं म्हणायला लागल्या, माझ्याच सुरात. मी गेले की गप्प व्हायच्या. मला कळत होतं.

मार्चचा पहिला आठवडा झाला आणि फाइल यजमानांच्या कंप्युटरवर रोज चालायला लागली. मला वाटलं, झालं. वरचीने ती चार अनोळखी कंप्युटरांवर लावून बघायचं ठरवलं. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेली. पेनड्राइव्ह लावला, आणि फाइल गायब. चूक वगैरे काही नाही, सरळ गायब. त्या कंप्युटरात व्हायरसचा पहारेकरी होता. घट्ट आवळून बांधलेलं, आत काय आहे ते दिसत नाही असं गाठोडं बघून त्याला चोरच वाटला, आणि त्याने फाइल खाऊन टाकली. झेरॉक्सवाला म्हणाला, "मैडम, आप क्या लगा रही थीं हमारी मशीन में?" आणि तिला दुकानाबाहेर काढलं.

त्या दिवशी ती जेवली नाही. मी ताट झाकून ठेवलं आणि वर नेलं नाही. उपाशी माणसाच्या मागे मी लागत नाही. दुसऱ्या दिवशी नऊ वाजता ती आपण होऊन खाली आली आणि थंड पोळी खात म्हणाली, "आवळायचं सोडून देते." जागा वाचावी म्हणून ती आतलं सगळं दाबून दाबून बसवत होती. ते दाबणं तिने काढून टाकलं. फाइल तिप्पट मोठी झाली, पण उघड्या टोपलीसारखी झाली, आत काय आहे ते पहारेकऱ्याला दिसू लागलं. ती परत त्याच झेरॉक्सवाल्याकडे गेली. दुसरी असती तर तोंड लपवून दुसरं दुकान शोधलं असतं. ही म्हणाली, "जिथे मेली तिथेच जिवंत झाली पाहिजे." मीही गेले, कारण म्हाताऱ्या बाईला दुकानाबाहेर काढायला तो जरा कचरला असता. फाइल राहिली. माझा आवाज त्याच्या दुकानात खेकसला, तेव्हा झेरॉक्सवाला दचकून माझ्याच तोंडाकडे बघायला लागला.

वकिलांकडे जायचं ठरलं ते मार्चच्या शेवटच्या गुरुवारी. रविवारी रुखसारचा भाऊ तिला न्यायला येणार होता. बुधवारी मी वरचीला विचारलं, "तू आत जाणार?"

"मी नाही जाणार. मी गेली तर ती परीक्षाच नाही."

"बघू," मी म्हटलं. मला तिचे हात माहीत होते.

कचहरीजवळच्या, म्हणजे कोर्टाजवळच्या, गल्लीत वकिलांची दोन खोल्यांची कचेरी. आतल्या खोलीत कंप्युटर, बाहेरच्या खोलीत पक्षकारांसाठी बाकडं. मध्ये नुसता पडदा. रुखसार आत गेली. आम्ही दोघी बाकड्यावर. आतून माझा आवाज आला, "ठहरो, खुल रहा है।" एक पक्षकार माझ्याकडे वळून बघायला लागला. मग रुखसारने कानात इअरफोन घातले असणार, कारण पुढे काही ऐकू येईना. बटणांची टकटक, मधूनच तिचं बोलणं. "ये किराए वाला नोटिस है, वकील साहब।" "ये ज़मानत की अर्ज़ी है।" वरची बोटांवर मोजत होती. तीन. चार.

आणि वीज गेली.

आत कंप्युटर बंद पडल्याचा आवाज आला, पंखा थांबला. इन्व्हर्टर लागला, पण त्यावर फक्त पंखा आणि दिवा. वकिलांचा आवाज आला, "रहने दीजिए बिटिया। फिर कभी देखेंगे।"

वरची ताडकन उठली. मी तिचं मनगट धरलं. माझी पकड अजून चांगली आहे, आयुष्यभर कणीक मळली आहे.

"काकू, सोडा. फिर कभी म्हणजे नाही. रविवारी ती जाईल."

"बस खाली."

"तिला नाही जमायचं, मध्येच बंद झालं, काही अर्धवट राहिलं असेल…"

"राहिलं असेल तर तुझी फाइल खोटी. बस."

ती बसली. तिचा हात मी सोडला नाही. पडद्याआडून रुखसार म्हणाली, "फिर कभी क्यों वकील साहब? हम बैठे हैं। बिजली आएगी तो आप बस कंप्यूटर चालू कर दीजिएगा। बाकी हम कर लेंगे।"

वकील म्हणाले, "घंटा भर लग सकता है।"

"तो लगे," रुखसार म्हणाली.

चाळीस मिनिटं लागली. पक्षकार कंटाळून निघून गेला. आम्ही दोघी बाकड्यावर बसून राहिलो. वीज आली, आत बटण दाबल्याचा आवाज आला. वरचीने डोळे मिटून घेतले. बराच वेळ गेला, मग माझा आवाज परत एकदा खेकसला, इअरफोन तिने काढून ठेवले असणार. पाचवा कागद. सहावा. सातव्याला रुखसार थांबली. वरचीने माझ्याकडे बघितलं. आतून रुखसार म्हणाली, "वकील साहब, इसमें बाप का नाम ऊपर रामसनेही है और नीचे रामसजीवन। आदमी एक ही है न?"

 कागद चाळल्याचा आवाज. मग वकील हादरलेल्या आवाजात म्हणाले, "लाहौल विला! ये तो परसों दाखिल होने वाली थी।"

उरलेले तीन कागद त्यांनी वाचूनच घेतले नाहीत. पडदा सारून बाहेर आले, मागून रुखसार भिंतीला हात लावत. मला म्हणाले, "आप इसकी दादी हैं?"

"नहीं," मी म्हटलं.

"सोमवार से भेज दीजिए। दस बजे।" मग वरचीकडे वळून, "और ये प्रोग्राम किसने बनाया है?"

 रुखसारच बोलली, "मैम ने।" वरचीने तिला शाबासकीही दिली नाही. "वीज आल्यावर किती वेळ लागला उघडायला?" एवढंच हिंदीत विचारलं. रुखसार म्हणाली, "पता नहीं मैम। आपकी आंटी ने डाँटा, तो हम रुके रहे।" तेव्हा कुठे वरची हसली, आणि गल्लीतल्या पाण्याच्या टाकीवर जाऊन तिने तोंड धुतलं. ती रडली की काय ते मी बघायला गेले नाही.

मे महिन्यात तिने खोली सोडली. जबलपूरला तशीच एक शाळा आहे, तिथे तिला बोलावलं होतं, पगारही थोडा देत होते. मी अडवलं नाही, अडवायला मी कोण. जाताना तिने जिन्यातले कागद काढायला घेतले, तर कागदांबरोबर रंगही निघायला लागला. "राहू दे, मी बघते," मी म्हटलं. यजमानांच्या कंप्युटरात तिने पत्ते परत घालून ठेवले होते. निघताना ती वाकली, पाया पडली आणि म्हणाली, "काकू, जेवणाचं बघत जा." मी म्हटलं, "माझं जेवण मी साठ वर्षं बघते आहे. तू तिथे मोटार बंद करत जा." रिक्षा वळेपर्यंत मी फाटकात उभी होते. मग घरात आले. पुढची खोली मोठी वाटायला लागली, ती अजून वाटते.

तिच्यामुळे मला एक वाईट सवय लागली. कोणी काही चांगलं केलं म्हणून सांगायला लागलं, की मी विचारते, "तू नसलास तर ते चालेल का?" मुलाला हे विचारलं, तो चिडला. देवळाच्या समितीतल्या बायकांना विचारलं, त्यांनी मला बोलावणं बंद केलं. पण विचारायचं मी सोडलेलं नाही.

रुखसार कधीतरी शुक्रवारी सुट्टी घेऊन माझ्याकडे येते, जेवून जाते. आता ती वकिलांच्या कचेरीजवळच एका बाईंकडे राहते. भाऊ दोनदा न्यायला येऊन गेला. गेल्या महिन्यात आली तेव्हा वकिलांबद्दल सांगत होती. बोलता बोलता म्हणाली, की वकील साहब परवा हसत होते, म्हणाले, बिटिया, तुमने नए कंप्यूटर के बारे में कुछ बोला ही नहीं.

"कौन सा नया?" मी विचारलं.

जुना कंप्युटर जळाला होता. वकिलांनी पूर्ण नवा आणून बसवला, त्याला तीन आठवडे झाले होते. रुखसार रोज दहा वाजता जात होती, पेनड्राइव्ह लावत होती, कागद वाचत होती.

"और तुम्हें पता नहीं चला?"

"नहीं आंटी," ती डाळीत पोळी बुडवत म्हणाली. "कीबोर्ड ज़रा कड़ा लगा था, बस। हमने सोचा, गर्द जम गई होगी।"

ती गेल्यावर मी जबलपूरला फोन लावला. वरची घाईत होती, मागे मुलींचा गलका चालला होता. मी तिला जसंच्या तसं सांगितलं. कंप्युटर जळाला, नवा आला, तीन आठवडे झाले, आणि रुखसारला कळलंच नाही.

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला आणि गलका थांबला. 

"काकू," ती म्हणाली, "परत सांगा."

मी परत सांगितलं.